झाकली मूठ की उघडी वही?

दिवाळीला घर भरते. पुण्याचा भाऊ येतो, नागपूरची बहीण येते, परदेशातला धाकटा निदान फोनच्या पडद्यावर तरी दर्शन देतो. चकल्या-करंज्यांची ताटे फिरतात, मुलांचे फटाके संपतात, आणि रात्री जेवणे आटोपून मोठी मंडळी सतरंजीवर पाय पसरून बसली की कोणी तरी आवाज खाली आणून तो विषय काढतो : "आईचं आता कसं करायचं?" आई आत झोपलेली असते; निदान सर्वांची समजूत तशी असते.

हा विषय काढणारा निर्दय असतो असे मुळीच नाही. दोन खोल्यांचे घर, नवराबायको दोघेही नोकरीला जाणारी, दिवसभरासाठी ठेवलेली बाई आज आली तर उद्या येईलच असे नाही, आणि आईला आता उठायला-बसायलाही आधार लागतो. मग कोणी एखाद्या वृद्धाश्रमाचे नाव घेतो. "जागा फार छान आहे हो! झाडी आहे, देऊळ आहे, संध्याकाळी भजन असतं." दुसरा त्यावर कळस चढवतो, "आणि मुख्य म्हणजे आजवर एकसुद्धा तक्रार कानावर आलेली नाही!" या वाक्याने सगळ्यांचे समाधान होते आणि मंडळी झोपायला जातात.

यंदाच्या दिवाळीत या सदरातून आम्हांला त्या शेवटच्या वाक्याबद्दलच वाचकांशी चार शब्द बोलायचे आहेत. कारण 'तक्रार नाही' ही शिफारस आहे असे आपण सगळे धरून चालतो, आणि ती शिफारस मुळीच नव्हे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. इतर व्यवहारांत ही म्हण खपून जात असेल. पण जिथे दुबळी माणसे परक्यांच्या हाती सोपवलेली असतात, तिथे मूठ झाकलेली असणे हेच भयाचे कारण. जरा विचार करा. जिथे पन्नास म्हातारी माणसे एकत्र राहतात, तिथे महिन्याभरात कोणी ना कोणी पाय घसरून पडणारच. कोणाची गोळी एखादे दिवशी चुकणारच. कोणाचे कोणाशी वाजणारच. हे सगळे आपल्या चार माणसांच्या घरातसुद्धा घडते, मग पन्नासांच्या घरात का घडू नये? अशा घरातली नोंदवही कोरी असेल तर तिचे दोनच अर्थ संभवतात : एक तर तिथे माणसे नसून देव राहतात, किंवा तिथे कोणी काही लिहीत नाही.

हा धडा इंग्लंडने फार मोठी किंमत मोजून घेतला. म्हणून तिकडची हकीगत थोडी तपशिलाने सांगतो.

पोराने स्वतःच द्यायची चिठ्ठी

इंग्लंडात वृद्धांची आणि अपंगांची शुश्रूषा करणारी घरे बहुतांशी खाजगी मालकीची आहेत. त्यांना तिकडे केअर होम म्हणतात. पण एक बंगला घेतला, दहा खाटा टाकल्या आणि पाटी लावली, असे तिथे चालत नाही. 'केअर क्वालिटी कमिशन' नावाचे एक मंडळ आहे. ते २००८ च्या कायद्याने निर्माण झाले आणि २००९ पासून कामाला लागले. या मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय असे घर चालवणे हा गुन्हा ठरतो. मालक कोणीही असो, रोजच्या कारभाराला जबाबदार असणारा व्यवस्थापकही नावानिशी नोंदवावा लागतो. म्हणजे उद्या काही झाले तर कोणाला विचारायचे, हा प्रश्न उरत नाही.

मंडळाचे तपासनीस घरोघर जातात, आणि बहुधा न सांगताच जातात. परंतु तपासनीस वर्षातून कितीदा येणार? पाहुणा येतो त्या दिवशी आपणही बैठकीवर नवी चादर घालतो की नाही? म्हणून तिकडच्या कायद्याने दुसरीही एक व्यवस्था केली आहे, आणि आमच्या मते खरी मेख तीत आहे. काही गोष्टी घडल्या की त्या घराने आपण होऊन मंडळाला कळवायच्या. कोणी दगावले, तर कळवा. कोणाला गंभीर इजा झाली, तर कळवा. कोणावर हात उगारला गेला, किंवा उगारला असा नुसता आरोप झाला, तरी कळवा. प्रकरण पोलिसांत गेले, तर कळवा. काम सुरक्षितपणे चालावे इतकी माणसे हाताशी उरली नाहीत, वीज किंवा पाणी चोवीस तासांहून अधिक काळ बंद राहिले, आगीची घंटा बिघडली, तर तेही कळवा. न कळवणे हा गुन्हा आहे.

ही चिठ्ठी मास्तरांनी पालकांना धाडलेल्या चिठ्ठीसारखी नाही. ही पोराने स्वतःच मास्तरांच्या हाती द्यायची : "सर, आज माझ्या हातून पाटी फुटली." अशी चिठ्ठी देणाऱ्या पोराला मास्तरांनी लगेच छडी मारली, तर पुढच्या खेपेला ते पोर पाटी दप्तरात लपवील. आणि मास्तरांनी चिठ्ठी न वाचताच खिशात घातली, तर पाट्या फुटतच राहतील. कसलीही पाहणी-अहवालांची पद्धत या दोन खड्ड्यांमधून वाट काढत चालायची असते.

इंग्लंड या दोन्हींपैकी दुसऱ्या खड्ड्यात कसे पडले ते पाहा.

कागद होते, पण एकत्र नव्हते

ब्रिस्टल शहराजवळ 'विंटरबोर्न व्ह्यू' नावाचे चोवीस खाटांचे एक खाजगी रुग्णालय होते. बौद्धिक अपंगत्व किंवा ऑटिझम असलेली प्रौढ माणसे तिथे ठेवली जात. एकेका माणसामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड, आणि तेही सार्वजनिक पैशातून, मोजले जात होते. ३१ मे २०११ च्या रात्री बीबीसीच्या 'पॅनोरमा' या कार्यक्रमात तिथली दृश्ये लोकांनी पाहिली. एका वार्ताहराने तिथे नोकरी धरून छुप्या कॅमेऱ्याने ती टिपली होती. बोलून सांगता न येणाऱ्या माणसांना जमिनीवर पाडून दाबून धरणे, त्यांना चापट्या मारणे, अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्याच्या फवाऱ्याखाली ढकलणे, आणि हे सारे करताना हसणे. देश हादरला. पुढच्याच महिन्यात ते रुग्णालय बंद झाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली. त्यांतले सहा तुरुंगात गेले.

इथपर्यंतची गोष्ट वर्तमानपत्री आहे. आपल्याला हवी ती गोष्ट पुढची आहे. त्या भागातल्या अधिकाऱ्यांनी नंतर रीतसर चौकशी करविली आणि २०१२ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातले आकडे पाहिले की मन सुन्न होते. एकट्या २०१० सालात रुग्णांना बळाने धरून ठेवल्याच्या ३७९ नोंदी खुद्द रुग्णालयाच्याच दप्तरात होत्या. २०११ च्या पहिल्या तीन महिन्यांत आणखी १२९. तिथल्या रुग्णांना बाहेरच्या सरकारी इस्पितळाच्या अपघात विभागात ७६ वेळा नेण्यात आले होते. पोलिसांकडे २९ घटना गेल्या होत्या. स्थानिक कौन्सिलाकडे सुरक्षिततेविषयीच्या ४० सूचना पोहोचल्या होत्या.

म्हणजे कागद नव्हते असे नाही. कागद भरपूर होते! पण इस्पितळाचा कागद इस्पितळात, पोलिसांचा पोलिसांत, कौन्सिलाचा कौन्सिलात. प्रत्येक टेबलावरच्या कारकुनाने आपल्यापुढचा कागद सुटा वाचला, 'एक किरकोळ घटना' म्हणून निकालात काढला आणि फाइल बंद केली. हे सगळे कागद एकाच टेबलावर मांडून, "अहो, हे सगळे एकाच घरातून येताहेत!" असे म्हणणारा कोणी नव्हता. तिथल्याच एका जुन्याजाणत्या नर्सने आपल्या वरिष्ठांना लेखी कळवले होते, मंडळाचाही दरवाजा ठोठावला होता. दाद लागली नाही. अखेर टेलिव्हिजनवाल्यांना यावे लागले.

यातून दोन गोष्टी मनात ठेवू. अहवाल लिहिला म्हणजे काम झाले असे नाही. तो वाचावा लागतो. आणि एक वाचून भागत नाही. शेजारी दुसरा ठेवून वाचावा लागतो.

दारावर टांगलेला शेरा

या नाचक्कीनंतर इंग्लंडने पाहणीची पद्धत बदलली. २०१४ पासून प्रत्येक केअर होमला पाच प्रश्न लावण्यात येऊ लागले, आणि ते इतके साधे आहेत की आपल्या आजीलाही पटतील. हे घर सुरक्षित आहे का? इथल्या शुश्रूषेचा गुण येतो का? इथली माणसे मायेने वागतात का? ज्याला जे हवे ते ओळखून देतात का? आणि घराचा कारभार नीट चालवला जातो का? प्रत्येक प्रश्नाला आणि एकंदर घराला चारांपैकी एक शेरा : उत्कृष्ट, चांगले, सुधारणा हवी, किंवा अपुरे. २०१५ च्या एप्रिलपासून हा शेरा लोकांना दिसेल अशा जागी लावण्याची सक्ती झाली. संपूर्ण अहवालही कोणालाही घरबसल्या फुकट वाचता येतो. व्यवस्थापकाला तो टेबलाच्या खणात घालून कुलूप लावता येत नाही.

पाहणीची रीतही शिकण्यासारखी आहे. तपासनिसांबरोबर पुष्कळदा एक असा माणूस येतो की ज्याने स्वतः अशी सेवा घेतलेली असते, किंवा आपल्या माणसासाठी तिचा अनुभव घेतलेला असतो. नियम ठाऊक असलेल्याला कपाट दिसते; आजारी आईला सांभाळलेल्या बाईला पाण्याचा पेला हाताला येतो की नाही, ते दिसते. आणि ज्यांना स्मृतिभ्रंशामुळे बोलता येत नाही, त्यांच्यासाठी तपासनीस दिवाणखान्यात नुसता बसून राहतो. दर पाच मिनिटांनी टिपून ठेवतो : या बाई आत्ता प्रसन्न आहेत की खिन्न? कोणी त्यांच्याशी बोलले का? बोलले ते प्रेमाने, की भांडे उचलावे तसे उचलून बाजूला ठेवले? आम्हांला वाटते, हजार रकान्यांच्या तक्त्याहून हे एक तासभर बसणे मोलाचे आहे.

याच सुमारास तिकडे आणखी एक कर्तव्य कायद्यात आले. ते म्हणजे उघडपणाचे. शुश्रूषेत चूक होऊन कोणाला गंभीर अपाय झाला, तर घराने त्या माणसाला किंवा त्याच्या नातलगांना होऊन सांगायचे, काय झाले ते समजावून द्यायचे, माफी मागायची आणि मग तेच लेखी कळवायचे. माफी मागितली म्हणजे कायद्याने दोष कबूल केला असे नव्हे, हेही तिथे स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे "वकिलाला विचारल्याशिवाय तोंड उघडू नका" या सबबीला जागा उरत नाही.

न छापलेला अहवाल

इतके झाल्यावर सगळे सुरळीत झाले असेल असे वाटते ना? तसे झाले नाही, आणि ते सांगितल्यावाचून ही हकीगत प्रामाणिक होणार नाही.

डरहॅम परगण्यात 'व्होर्लटन हॉल' नावाचे असेच एक रुग्णालय होते. २०१५ साली मंडळाचे तपासनीस तिथे गेले, त्यांना कारभार खटकला, आणि त्यांनी तसा अहवाल लिहिला. तो अहवाल प्रसिद्धच झाला नाही! पुढे त्या रुग्णालयाला 'चांगले' असा शेरा मिळाला. मे २०१९ मध्ये पुन्हा 'पॅनोरमा'चा कॅमेरा आत गेला आणि पुन्हा तीच दृश्ये : असहाय माणसांची टवाळी, धाकदपटशा. २०१५ चा तो अहवाल दडवून ठेवणे चुकीचे होते, असा निष्कर्ष स्वतंत्र चौकशीने २०२० साली काढला. ज्या मंडळाने इतरांना वही उघडी ठेवायला लावायची, त्याच्याच हाताने एक पान मिटले गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आणि २०२४ साली तर मंडळाचीच पाहणी करण्याची पाळी सरकारवर आली. डॉक्टर पेनी डॅश यांनी केलेल्या त्या पाहणीत दिसले की, २०१९-२० मध्ये सोळा हजारांच्या आसपास पाहण्या होत असत, त्या २०२३-२४ मध्ये सात हजारांवर आल्या होत्या. पाच ठिकाणांपैकी जवळजवळ एकाला शेरा मिळालेलाच नव्हता. काही शेरे वर्षानुवर्षांचे जुने होते. नवी संगणकपद्धती आणली होती, ती मदत करण्याऐवजी गळ्यातली धोंड झाली होती. दहा वर्षांपूर्वीचा 'चांगले' हा शेरा म्हणजे विसाव्या वर्षी काढलेला फोटो दाखवून साठीत लग्न जमवण्यासारखे!

तेव्हा इंग्लंडात सगळे सोन्याचे आहे असा आमचा दावा नाही. मुद्दा वेगळा आहे. तिथे मंडळ चुकले ते लोकांना कळले, कारण मंडळाचीही वही अखेर कोणी तरी उघडली. जी चूक दिसते ती दुरुस्त होऊ शकते. न दिसणारी चूक फक्त वाढते.

पडण्याची वही

आता जरा घरगुती पातळीवर येऊ. "अहो, पण असल्या नोंदी करून आजी पडायची थांबते का?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. थांबू शकते, कशी ते सांगतो.

समजा, एका वृद्धाश्रमात पडण्याची एक साधी वही ठेवली आहे. कोणी पडले की लिहायचे : कोण, कुठे, किती वाजता, पायात काय होते, दिवा होता का, नवे औषध सुरू केले होते का. पहिल्या महिन्यात पाच नोंदी झाल्या. सुट्या वाचल्या तर प्रत्येकीला एकच उत्तर : "वय झालं, चालायचंच!" पण महिन्याच्या शेवटी व्यवस्थापकीणबाई त्या पाची एकाखाली एक मांडून बसल्या, आणि त्यांच्या लक्षात आले की पाचांतल्या चारजणी सकाळी सहा ते सात या वेळात, संडासाच्या वाटेवर पडल्या आहेत. सहा ते सात म्हणजे पाळी बदलण्याची वेळ. रात्रपाळीच्या मावशी निघण्याच्या घाईत, दिवसपाळीच्या अजून साडी बदलताहेत. आणि म्हाताऱ्या माणसाला नेमकी त्याच वेळी संडासाची घाई. हाक मारायला कोणी नाही, म्हणून ती बिचारी भिंतीला धरून एकटीच निघते.

दोष वयाचा नव्हता, वेळापत्रकाचा होता. दोन मावशींना अर्धा तास आधी बोलावले, वाटेत एक दिवा लावला, भिंतीला एक कठडा बसवला. पुढच्या महिन्यात वही पुन्हा वाचायची. पडणे कमी झाले का? झाले नसेल तर अंदाज चुकला, पुन्हा शोधा. यालाच मोठ्या भाषेत गुणवत्ता सुधारणे म्हणतात. त्याला परदेशी पदवी लागत नाही. एक दोरीला बांधलेली पेन्सिल, एक वही, आणि महिन्यातून एकदा ती वाचण्याइतकी शांत दुपार लागते.

मात्र एक अट आहे. नोंद करणाऱ्या मावशीला त्या नोंदीची भीती वाटता कामा नये. "तुझ्या पाळीत पडल्या, म्हणून तुझा पगार कापला," असे एकदा झाले की त्या वहीत पुन्हा कोणी पडत नाही. माणसे मात्र पडतच राहतात. निष्काळजीपणाला शासन हवेच, मारहाणीला तर तुरुंगच हवा. पण खरे सांगणाऱ्याला आणि लपवणाऱ्याला एकच शिक्षा देणारे घर लपवणाऱ्यांचेच घर होते.

आपल्या अंगणात

आपल्याकडे काय आहे? मुलांच्या संस्थांपुरते पाहिले तर कायदा कागदावर चांगला आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. किमान तिघांच्या तपासणी समितीने, ज्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे, तीन महिन्यांतून एकदा तरी तिथे जायचे आणि आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा. मुलांसाठी सूचनापेटीही हवी, आणि तीही कार्यालयापासून दूर!

तरीही बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात जे घडले ते घडलेच. तिथल्या मुलींवर लैंगिक अत्याचार होत होते, आणि सरकारी भेटी व तपासण्या होत असूनही कागदोपत्री सारे ठीक होते. अखेर आपल्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या गटाने बिहारमधल्या ११० निवासी संस्थांची पाहणी केली. ही मंडळी नुसती रजिस्टरे चाळत बसली नाहीत, मुलांशी बोलली. २०१८ साली त्यांचा अहवाल सरकारकडे गेला, ३१ मे २०१८ ला गुन्हा नोंदवला गेला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला जन्मठेप दिली. दोषी ठरलेल्यांत त्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा माजी अध्यक्ष आणि एक बालसंरक्षण अधिकारीही होता. कुंपणानेच शेत खाल्ले होते. तीच जागा, त्याच मुली. फरक पडला तो पाहणाऱ्याच्या नजरेने. एकाने वही पाहिली, दुसऱ्याने मुलींना विचारले.

वृद्धांच्या बाबतीत तर आपण याहून मागे आहोत. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्यात भर मुख्यतः मुलांनी पोटगी देण्यावर आणि निराधारांसाठी सरकारने वृद्धाश्रम काढण्यावर आहे. खाजगी सेवागृहांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले. पण ते मंजूर झाले नाही, आणि २०२४ मध्ये ती लोकसभा संपली तेव्हा तेही बारगळले. प्रत्येक वृद्धाश्रमाचा अहवाल लोकांपुढे ठेवणारे देशव्यापी मंडळ आपल्याकडे नाही. म्हणजे इंग्लंडातली मुलगी आईला ठेवण्याआधी अहवाल वाचू शकते. दादरची मुलगी शेजारणीला विचारते.

विचारायचे काय?

कायदा होईल तेव्हा होवो. तोवर तपासनीस आपणच. आणि आपल्या हातात काहीच नाही असे मुळीच नाही. पैसे देणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. म्हणून वाचकहो, एखादी जागा पाहायला जाल तेव्हा बाग आणि देऊळ पाहून झाले की एवढे करा.

गेल्या तीन महिन्यांत इथे किती जण पडले, असे सरळ विचारा. "कोणीच नाही!" असे उत्तर ताडकन आले तर जरा सावध व्हा. "सातजण. त्यांतले तिघे न्हाणीघरात, म्हणून आम्ही फरशी बदलली," असे उत्तर आले तर त्या बाईंचा हात हाती घ्या, ती जागा चांगली आहे. रात्री किती माणसे कामावर असतात, ते विचारा. दिवसाचा आकडा ऐकून समाधान मानू नका. तक्रारीची वही मागा. शेवटच्या तक्रारीवर काय केले ते विचारा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना कुशीवर केव्हा केव्हा वळवतात आणि ते कुठे लिहितात, ते दाखवायला सांगा. औषधांचा तक्ता पाहा. आधीच संपूर्ण आठवड्याच्या सह्या करून ठेवलेला तक्ता दिसला, तर काय समजायचे ते सांगायला नको.

मग व्यवस्थापकांना नमस्कार करून घटकाभर दिवाणखान्यात नुसते बसा. तिथल्या माणसांशी बोला. हाक मारल्यावर किती वेळाने कोणी येते ते घड्याळात पाहा. पुढची भेट न सांगता, जेवणाच्या वेळी द्या. आणि माणूस तिथे ठेवल्यावर या भेटी थांबवू नका. ज्याच्याकडे वारंवार कोणी येते त्याची चादर लवकर बदलते, हा साऱ्या जगातला अनुभव आहे.

काही वावगे दिसले तर आधी तिथेच लेखी द्या आणि प्रत आपल्याजवळ ठेवा. दाद लागली नाही तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. आणि आपल्या माणसाला दुसरीकडे हलवले म्हणजे आपले काम संपले असे समजू नका. मागे राहिलेल्या खाटेवर उद्या दुसऱ्या कोणाची तरी आई येणार आहे. तुमचा तो एक कागद कोणाच्या तरी दुसऱ्या कागदाशेजारी ठेवला जाईल, तेव्हाच त्याला अर्थ येईल.

जे वृद्धाश्रम मन लावून काम करतात, आणि असे अनेक आहेत, त्यांना या प्रश्नांचा राग येणार नाही. उलट, कोणी तरी आपल्या कष्टांची वही वाचायला मागतो आहे याचा त्यांना आनंदच वाटेल. आपली चूक लिहून ठेवायला धीर लागतो. असा धीर धरणाऱ्या घरावर आपण विश्वास टाकावा, आणि कोरी वही कौतुकाने पुढे करणाऱ्याला मात्र आणखी एक प्रश्न विचारावा : "लिहायचं कोणी होतं का?"